पर्सीच्या तोंडाचा वास

डॉक्टरनं नळी चिरली आणि वास आला, तेव्हा मला आधी बरं वाटलं. पर्सी आला, असंच वाटलं. माझी लेक लिडिया त्याला घेऊन मागच्या जिन्यानं वर आली असेल म्हणून हातातला बिअरचा जग कलता धरूनच मी दाराकडे मान वळवली. दारात कोणी नव्हतं. वास टेबलावरून येत होता. तिथे पांढऱ्या फडक्यावर रोडा टिलीच्या मेलेल्या पोरीची दुधाची बाटली आडवी पडली होती. तिची हातभर लांब रबरी नळी डॉक्टरनं चाकूनं उभी उसवली होती, आणि आतून पिवळट, चिकट, फाटलेल्या दह्यासारखं काहीतरी फडक्यावर आलं होतं. आंबूस, आणि वर किंचित गोड. माझ्या नातवाच्या तोंडाचा वास. "मिसेस पमरी," हॅगर कसाई म्हणाला, "माझ्या विजारीला तहान लागलेली नाही." मी खाली बघितलं तर त्याचा पेला भरून वाहत होता आणि बिअर टेबलाच्या कडेवरून त्याच्या मांडीवर ठिबकत होती. सगळे हसले. हसायला त्यांना निमित्तच हवं होतं. नाकाला रुमाल लावून बसणं पुरुषांना अवघड जातं.

आमच्या पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, मेलेल्यांसाठी वेगळी जागा नाही. कोणी संशयास्पद मेलं की ते आमच्या पबात येतं. शरीर मागच्या अंगणात स्किटल्स खेळायच्या शेडमध्ये, आणि मरणाची चौकशी करणारे कॉरोनर साहेब व पंच वरच्या खोलीत. पंचांनी आधी ओळीनं शेडमध्ये जाऊन मेलेल्याचं तोंड बघायचं, मग वर येऊन घसा ओला करायचा, मग साक्षी. कायदाच तसा आहे, आणि त्यात आमची विक्री होते ते मी कशाला नाकारू. त्या सकाळीही सगळे ओळीनं गेले होते. पोरीचं नाव फ्लॉरी. तोंड म्हाताऱ्या माणसासारखं सुकलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात. वर आल्या आल्या हॅगर म्हणाला, "उपाशी मारलंय. मी जन्मभर जनावरं बघितलीत, मला शिकवू नका." आणि मी त्याचा पेला भरता भरता म्हणाले, "नाहीतर काय. ही बया सकाळी जॅमच्या कारखान्यात जाते ती दिवेलागणीला उगवते. पोर दिवसभर खोक्यात, तोंडात नळी." मी साक्षीदार नव्हते. मला कोणी विचारलंही नव्हतं. पण पेले भरताना आपली जीभ उचलून टाळ्याला लावायला माझं काय जातं. रोडानं साक्षीत सांगितलं की रात्री ती अंगावर पाजत होती, रोज रात्री, पहाटेपर्यंत. तेव्हा पंचांनी एकमेकांकडे बघितलं आणि मीही कोपऱ्यात उभी राहून तोंड वाकडं केलं. ऑगस्टच्या उकाड्यात ती अंगाभोवती जाड शाल घट्ट आवळून बसली होती. मला वाटलं, खाली बाटली लपवलीय, जिनची.

आणि आता हा तरुण डॉक्टर, रेनी नावाचा, बोलताना ज्याचे कान लाल होतात, तो सांगत होता की पोर उपाशी नव्हती. "पोटात दूध होतं. तिला मारलं ते ह्यानं," तो चाकूच्या टोकानं नळीकडे दाखवून म्हणाला. "ही आतून धुताच येत नाही. गरम पाणी घातलं की वरवरचं निघतं, खालचा थर तसाच राहतो आणि सडतो. मूल ओढतं ते दूध नसतं, हे असतं." मेणबत्तीवाला पिम घसा खाकरून म्हणाला, "पण डॉक्टरसाहेब, अर्ध्या पॅरिशची पोरं ह्याच बाटलीवर आहेत." डॉक्टर म्हणाला, "मग ऑगस्टमध्ये अर्ध्या पॅरिशची पोरं कुठे जातात तेही विचारा." कोणी विचारलं नाही. हॅगर म्हणाला, "दात. दात येताना जातात." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. दात म्हटलं की सगळ्यांना सुटल्यासारखं होतं. दातांवर कोणाचा इलाज नाही.

मी मात्र तिथेच खिळून राहिले होते. गेल्या रविवारी पर्सी माझ्या मांडीवर होता. जेवणं झाली होती, माझा नवरा अमॉस त्याचा सुजलेला पाय स्टुलावर ठेवून घोरत होता, आणि मी पर्सीच्या ओठांपाशी नाक नेऊन हुंगत बसले होते. तो वास मला आवडतो. आवडतो काय, आठवडाभर मी त्या वासावर जगते. सगळ्याच बाळांना तो असतो असं मला वाटायचं. आमच्या बायका म्हणतात ना, दुधाचा वास, बाळवास. लिडिया म्हणालीसुद्धा, "आई, त्याला खाशील एखाद दिवशी." पण सगळ्या बाळांना कुठे असतो? लिडियाला नव्हता. लिडियाला मी अंगावर पाजलं, तिच्या तोंडाला ताज्या लोण्यासारखा वास यायचा, आता नीट आठवतोय. हा वास निराळा आहे. हा त्या बाटलीबरोबर घरात आला. पर्सीच्या बारशाला जावई, जेम, ती घेऊन आला होता, मोठ्या दुकानातून, कापूस घातलेल्या खोक्यातून. कासवासारखी चपटी काच, तिच्यावर नक्षी, पांढरंशुभ्र बूच आणि ती लांब नळी. बाळ पाळण्यात पडल्या पडल्या स्वतःचं स्वतः पितं, आईला हात लावावा लागत नाही. ती बाटली ह्याच टेबलावर हातोहात फिरली. मी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, आमच्या वेळेला हे असतं तर. जावयानं दुकानदाराचं म्हणणं सांगितलं, निपल रोज काढू नका, उगीच सैल पडतं. लिडियानं ते मनावर घेतलं. ती मनावर घेणारीच आहे. बाहेरून ती बाटली इतकी घासते की खिडकीत ठेवली तर रस्त्यावरून चमकते. गेले काही आठवडे ती पुन्हा इस्त्रीच्या कारखान्यात जायला लागली, तिचं दूध आटलं, आणि पर्सी सगळाच्या सगळा त्या बाटलीवर आला. आणि रविवारी तो जरा मलूल होता. लंगोट फार बदलावे लागत होते. "दात येतायत," लिडियाची सासू म्हणाली. मीही म्हणाले, दात येतायत.

कॉरोनर साहेबांनी निर्णय वाचला. नैसर्गिक मृत्यू, जुलाबांनी. पण पंचांचं समाधान झालं नव्हतं. हॅगरनं उठून सांगितलं की आईच्या वागण्यावर ताशेरे ओढावेत अशी सगळ्यांची इच्छा आहे. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि ओढले. रोडा उभी होती. तिनं नुसतं ऐकलं. "मिसेस पमरी, ही घाण जाळून टाका," साहेब मला म्हणाले, आणि मी बाटली, नळी, फडकं सगळं गुंडाळून उचललं. जिना उतरताना मला वाटलं, आता सरळ दाराबाहेर पडायचं. पण खाली गर्दी उसळली होती. पंच वरून उतरले, बाहेर थांबलेले आत घुसले, सगळ्यांना एकदमच पेले हवे होते आणि सगळ्यांना पोरीच्या बरगड्यांबद्दल ऐकायचं होतं. अमॉसचा पाय वर, कामाची पोरगी आलेली नाही, मी एकटी. नळ फिरवायचा, पेला भरायचा, पुसायचा, पुढे सरकवायचा. हात चालत होते. गुंडाळी एप्रनच्या खिशात होती आणि वास येत होता. मी स्वतःला समजावत होते, अगं, डॉक्टर काय, गेल्या वर्षी दुसराच आला होता, तो म्हणाला हवा वाईट आहे. पॅरिशचा आरोग्य अधिकारी येतो तो म्हणतो मोरी वाईट आहे. आम्ही मोरीत पूड टाकली, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघड्या ठेवल्या. दुर्गंधीतून रोग येतो हे शिकून आमचं आख्खं पॅरिश नाकावर जगायला लागलं. जिथे घाण वास येईल तिथून पोरं उचलून न्यायची. आणि हा वास घाण नव्हता ना. हा गोड होता. मी त्याचे मुके घेत होते.

तिथे माझा हात थांबला. मी नळ बंद केला आणि पिमला म्हणाले, "ह्या बाजूला या आणि भरा सगळ्यांना." तो म्हणाला, "मी?" मी म्हणाले, "मेणबत्त्या ओतता ना जन्मभर, बिअर ओतायला काय शिंगं लागतात." आणि मी स्वयंपाकघरातून मागच्या दारानं निघाले. स्वयंपाकघरात स्टुलावर रोडा बसली होती. पोरीला पुरायच्या परवानगीचा कागद मिळेपर्यंत तिला थांबायला सांगितलं होतं, आणि तिच्याबरोबर बसायला कोणी आलं नव्हतं. शाल तशीच घट्ट. तिच्यापुढून जाताना मला दिसलं की शालीखालून तिची चोळी पुढून ओली आहे, चांगली पसरलेली ओल. सांडलं असेल काहीतरी, मी मनात म्हणाले, गबाळी कुठली. सकाळी मी तिला तोंडावर बोलले होते, ह्याच दारात. "लेकराला उपाशी मारायचं आणि वर शाल पांघरून कुडकुडायचं, तुझं नाटक बरं आहे." आता तिनं माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली आणि बाहेर पडले.

लिडियाचं घर फार लांब नाही. चामड्याच्या कारखान्यांना वळसा घालून नदीकडे जायचं, मग डावीकडची गल्ली. पण त्या दुपारी ती वाट संपता संपेना. मी धावत नव्हते. बायकांना धावताना बघितलं की गल्ली बाहेर येते, आणि धावलं की ते खरं होतं असं काहीतरी मला वाटत होतं. प्रत्येक दारात पाळणा नाहीतर खोकं होतं आणि प्रत्येकातून ती नळी बाहेर आलेली. मी आयुष्य इथे काढलं आणि त्या मला आज दिसत होत्या. एका दारात एक मूल नळी चोखता चोखता झोपलं होतं, ओठ अजून हलत होते. त्याची मोठी बहीण पायरीवर बसून खेळत होती. मला थांबून तिला सांगावंसं वाटलं आणि मी थांबले नाही. आधी माझा. देवा, आधी माझा, मग सगळ्यांना सांगते. आमच्या चर्चची घंटा वाजत होती. ऑगस्टमध्ये ती अशीच वाजत राहते, आणि त्या लहान पांढऱ्या पेट्या इतक्या हलक्या असतात की एकच माणूस काखेत मारून नेतो. कोणी विचारलं काय झालं, की उत्तर ठरलेलं. दात. माझा सॅम्युएलही दातांनीच गेला. लिडियाच्या आधीचा. तेव्हा माझ्या छातीत गाठ झाली होती, दूध बंद पडलं, म्हणून पोकळ शिंगात दूध घालून, टोकाला चिंधी बांधून त्याला पाजत होते. कागदावर दात असंच लिहिलं गेलं आणि मी ते इतकी वर्षं तसंच सांगत आले. चालता चालता मला त्याचं तोंड दिसलं, रडताना उघडलेलं, आणि आतली गुलाबी हिरडी, गुळगुळीत. दात नव्हतेच त्याला. एकही नव्हता. मी हे तेव्हाही बघितलं होतं की. मग मी इतकी वर्षं काय सांगत होते?

दार लिडियाच्या सासूनं उघडलं. माझ्या विहीणबाई, मिसेस बॅगली, तोंडात टाचण्या धरून असल्यासारख्या बोलतात. "या. आज पब सोडून? विक्री नाही वाटतं?" मी म्हणाले, "पर्सी कुठे?" त्या म्हणाल्या, "झोपलाय. सकाळपासून किरकिर, म्हणून थोडं निजवायचं औषध दिलंय. दात फार त्रास देतायत." आत लिडिया पाळण्यापाशी बसून लंगोट पिळत होती. त्या दिवशी ती कामाला गेली नव्हती, म्हणजे तीही घाबरली होती, फक्त बोलत नव्हती. पर्सी पडला होता. डोळे अर्धे उघडे, ओठात निपल, आणि नळी उशीवरून वळण घेत बाटलीकडे गेलेली. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. टाळू खाली गेली होती. बोट बुडावं एवढी. त्वचा थंडगार. मी त्याच्या तोंडातून निपल काढलं. मला वाटलं रडेल. रडावा म्हणून मी वाट बघितली. त्यानं नुसता श्वास सोडला, आणि वास आला.

"आई, काय करतेस? मोठ्या मुश्किलीनं तोंडात धरलंय त्यानं."

"लिडिया, ही बाटली बंद."

"पुन्हा काहीतरी ऐकून आलीस तू. मागे ऐकून आलीस तेव्हा त्याला पिवळ्या रंगाचं फ्लॅनेल घालू नको म्हणालीस."

"कात्री दे."

"तिला काही देऊ नकोस," विहीणबाई म्हणाल्या. "ह्यांच्या पबात मढी येतात आणि ह्या त्यांचं वारं आपल्या घरात घेऊन येतात. आधी हात तरी धुतले का विचार त्यांना." हात मी धुतले नव्हते. त्यांचं बरोबर होतं, आणि त्यानं माझा राग आणखी चढला. चुलीपाशी पाव कापायची सुरी होती. ती लांब सुरी उचलून मी पर्सीची नळी पाटावर धरली आणि चिरायला लागले. रबर चिवट असतं. सुरी घसरत होती. लिडियानं माझं मनगट पकडलं. "आई, ती बाटली जेमनं आणलीय. ती मी रोज धुते, रोज, उकळतं पाणी घालते, बघ किती स्वच्छ आहे, तू स्वतः म्हणालीस किती स्वच्छ ठेवतेस." तिचा आवाज चढत गेला. मी तिला झिडकारलं नाही, तिच्या हातासकट सुरी दाबली. नळी फाटली. तेच. तसंच पिवळट, तसंच चिकट, आणि एका जागी काळं पडलेलं. मी खिशातून रोडाच्या पोरीची नळी काढून शेजारी ठेवली. "ही सकाळी एका मेलेल्या पोरीच्या तोंडातून आली," मी म्हणाले. मला आणखी खूप सांगायचं होतं, डॉक्टर काय म्हणाला ते, पण सांगावं लागलं नाही. लिडिया वाकली होती. तिनं एक नळी हुंगली, मग दुसरी हुंगली. मग ती पाळण्याकडे गेली आणि पर्सीच्या तोंडापाशी तिनं नाक नेलं, मी रविवारी नेते तसं. ती बराच वेळ तशीच राहिली. मग लिडिया सरळ झाली आणि अगदी हळू म्हणाली, "मग मी त्याला काय पाजू?"

चमच्यानं दूध दिलं. ते बाहेर आलं. पाणी दिलं, तेही ओठांच्या कडेनं गळ्यावर ओघळलं. विहीणबाईंनी वाडग्यात पाव कुस्करला, मी तो वाडगा त्यांच्या हातातून काढून घेतला. लिडियानं चोळी सोडून त्याला छातीशी धरलं, पण तिथे काही नव्हतं. त्यानं दोनदा ओढल्यासारखं केलं आणि मान टाकली. ती ते कोरडं अंग दाबत राहिली, दाबत राहिली, रडत नव्हती, फक्त दाबत होती. "बाईचं दूध हवं," विहीणबाई म्हणाल्या, आणि ह्या वेळी त्यांच्या बोलण्यात टाचण्या नव्हत्या. "कोण आहे? जोन्सांची सून अजून बाळंत व्हायचीय. कोपऱ्यावरची बाळंत झाली ती तापानं पडलीय." आम्ही गल्लीतली घरं एकेक मनात उघडून बघत होतो. अंगावर पाजणारी बाई. दिवसभर कारखान्यात आणि रात्री अंगावर. आणि मला ती ओल दिसली. शालीखालची. उकाड्यात आवळून धरलेली शाल, आणि तिच्याखाली पसरत चाललेला तो डाग. माझ्या डोळ्यांदेखत होतं ते. सकाळपासून ते अख्ख्या खोलीच्या डोळ्यांदेखत होतं. पोर मेल्यावरही रोडाचं अंग दूध करत होतं, कोणी तिला सांगितलं नव्हतं की आता नको. पुरुषांचं सोडा. मी बाई आहे, मी दोन पोरं अंगावर घेतलीत, आणि मला जिन वाटली.

"उचल त्याला," मी लिडियाला म्हणाले.

येताना मात्र मी धावले. पर्सी शालीत माझ्या छातीशी होता आणि त्याचं वजन लागत नव्हतं. लिडिया मागे केस सुटलेली. दारादारांतून बायका बाहेर आल्या. येऊ देत. मला एकच भीती होती, की रोडा गेली असेल. कागद मिळाला असेल, पॅरिशची गाडी पोरीला घेऊन गेली असेल आणि तिच्यामागून तीही, आणि मग ह्या शहरात तिला कुठे शोधू. तिचं घर मला ठाऊक नव्हतं. तिच्याबद्दल सगळं सांगितलं होतं मी पंचांना, आणि ती कुठे राहते ते मला ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघरातलं स्टूल रिकामं होतं. मग अंगणातून मी शेडचं दार उघडं बघितलं.

ती आत होती. फ्लॉरीला ठेवलेल्या फळीपाशी जमिनीवर बसली होती, एक हात वर, पोरीवरच्या चादरीवर. शेडला लागून बारची भिंत आहे, लाकडी, पलीकडचं सगळं ऐकू येतं. हॅगर बोलत होता, त्याच्या त्याच जनावरांबद्दल. म्हणजे तिनंही ते सगळं ऐकलं होतं. मी दारात उभी राहिले. वाटेत मी बरंच जुळवलं होतं, आणि आता त्यातलं काही आठवेना. "रोडा," मी म्हणाले, "माझा नातू. त्याचीही तीच बाटली."

तिनं वर बघितलं. माझ्याकडे, मग लिडियाकडे, मग शालीकडे.

"उपाशी मारणारीकडे आणलंत, मालकीणबाई?"

मी म्हणाले, "हो."

माफी मागावी तर ती काहीतरी बदल्यात मागितल्यासारखी झाली असती. ती उठली नाही. मला वाटलं, नाही म्हणेल, आणि म्हणाली तर तिचं चुकलं असं मला देवासमोरही म्हणता येणार नाही. भिंतीपलीकडे कोणीतरी हसलं. मग तिनं फ्लॉरीवरची चादर नीट केली, वरपर्यंत, तोंड झाकेल अशी, आणि दोन्ही हात पुढे केले. मी पर्सीला तिच्या हातात दिलं. तिनं त्याला लगेच छातीशी नेलं नाही. आधी त्याच्या तोंडापाशी वाकली. "हाच," ती म्हणाली. "माझ्या फ्लॉरीला हाच यायचा. मला आवडायचा." लिडिया तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तोंडावर हात दाबून घेतला.

शाल सुटली. त्याच्या ओठांना लागण्याआधीच दूध वाहत होतं, त्याच्या हनुवटीवर, त्याच्या बंद पापण्यांवर. त्यानं तोंड उघडलं नाही. रोडानं त्याच्या गालाला बोट लावलं, पुन्हा लावलं. "ए," ती त्याला म्हणाली, "ए आळशी, नळी नाहीये ही. काम करावं लागतं इथे." मी त्याच्या घशाकडे बघत होते. माझं सगळं आयुष्य त्या घशात होतं. काही हलत नव्हतं. चादरीखाली फळीवर ती पोर, आणि इथे हा, आणि मला वाटलं, झालं, उशीर झाला, पॅरिशच्या गाडीत दोघांना जागा होईल. मग घसा हलला. एकदा. मग थांबला, आणि लिडियाच्या तोंडून आवाज निघाला. मग पुन्हा हलला, आणि पुन्हा.

रोडा त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिचा आवाज अगदी साधा होता. "माझ्या अंगावर दूध होतं. बघितलंत ना आता?"

"बघितलं."

"मग ते पलीकडे सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, असं सगळ्याच सांगतात."

मी बारमध्ये गेले. पिम एप्रन बांधून उभा होता आणि त्याला मजा येत होती. हॅगरच्या भोवती कोंडाळं. त्यानं मला बघितलं आणि पेला पुढे केला, "या, मालकीण, हा मेणबत्तीवाला नुसता फेसच देतो. मी ह्यांना सांगत होतो, पोर उपाशी मारलेली मी एका नजरेत..." मी पेला घेतला आणि उपडा ठेवला. "तिला उपाशी मारलेलं नाही," मी म्हणाले. "तिच्या आईच्या अंगावर दूध आहे. अजून आहे. मी सकाळी जे बोलले ते मला ठाऊक नसताना बोलले, तुमच्यासारखंच." हॅगर हसला. "कोण म्हणतं दूध आहे?" "माझा नातू पितोय ते," मी म्हणाले. "शेडमध्ये. सकाळी तुम्ही ओळीनं गेला होतात ना मेलेलं पोर बघायला? चला, आता जिवंत बघा. लावा ओळ."

कोणी जागचं हललं नाही. हॅगर बुटांकडे बघायला लागला. पिमनं नळ बंद केला, तेव्हा इतकं शांत झालं की पेल्यांतला फेस विरताना ऐकू यावा. त्या शांततेत भिंतीपलीकडे पर्सी रडला. बहुतेक रोडा त्याला दुसऱ्या बाजूला घेत होती आणि मध्ये क्षणभर त्याच्या तोंडातलं सुटलं होतं. बारीक होता आवाज, पण रागावलेला होता, भुकेल्या पोराचा.